जे हलत नाही ते दिसत नाही

गेल्या कार्तिकात धुळ्याहून जळगावला एका बैठकीसाठी जाण्याचा योग आला. एरवी हा प्रवास आम्ही एस.टी.नेच करतो आणि फागणे, मुकटी, पारोळा, एरंडोल, पाळधी अशी गावे खिडकीतून मोजीत बांभोरीचा गिरणेवरील पूल ओलांडतो. या खेपेस मात्र भाच्याने हप्त्यांवर नवी मोटार घेतली होती, आणि ती मामाला दाखविण्याचा त्याचा उत्साह आमच्याने मोडवला नाही. फागणे मागे पडले तशी त्याने स्टिअरिंगवरची एक कळ दाबली, ताशी ८० चा आकडा लावला आणि दोन्ही पाय मागे ओढून घेतले. "मामा, आता बघा. माझा पाय कशालाच लागलेला नाही."

आणि खरोखरच गाडी चालत होती. पुढे सरकीच्या पोत्यांनी भरलेला एक ट्रक ५० च्या वेगाने रखडत चालला होता. आमची गाडी त्याच्या जवळ येताच आपण होऊन मंदावली, ठराविक अंतर राखून त्याच्यामागे निमूटपणे चालू लागली. ट्रक डाव्या बाजूला सरकला, वाट मोकळी झाली, तशी तिने पुन्हा वेग घेतला आणि ८० वर येऊन स्थिरावली. एखाद्या जुन्या, कसलेल्या चालकाने चालवावी तशी. प्रस्तुत लेखकाला कौतुक वाटले, हे कबूल केले पाहिजे. यंत्र दिसले की नाक मुरडण्याची जी एक खोड आपल्या चळवळीत काही जणांना जडली आहे, ती आम्हांस नाही.

या सोयीला इंग्रजीत अ‍ॅडॅप्टिव्ह क्रूझ कंट्रोल म्हणतात. मराठीत तिला 'अनुसारी वेगयंत्र' म्हणावे असे आम्ही सुचवू. कारण पुढच्याचे अनुसरण करणे हाच तिचा धर्म आहे. मोटारीच्या नाकात, जाळीमागे, एक लहानसा रडार बसवलेला असतो. समोरच्या काचेवर, आरशामागे, कॅमेरा असतो. रडारच्या लहरी पुढच्या वाहनावर आपटून परत येतात. परतायला लागलेल्या वेळावरून अंतर कळते आणि बदललेल्या कंपनसंख्येवरून त्याच्या-आपल्या वेगातला फरक कळतो. चालकाने दोनच गोष्टी ठरवून द्यायच्या : कमाल वेग किती, आणि पुढच्यापासून अंतर किती. हे अंतर मीटरांत नव्हे, सेकंदांत धरलेले असते. ताशी ८० च्या वेगाने गाडी सेकंदाला २२ मीटर जाते. म्हणजे दोन सेकंदांचे अंतर लावले तर पुढच्याच्या व आपल्यामध्ये सुमारे ४४ मीटर रस्ता मोकळा राहतो.

या यंत्राचा पूर्वज, म्हणजे नुसता एकच वेग धरून ठेवणारे साधे क्रूझ कंट्रोल, राल्फ टीटर नावाच्या अमेरिकन अभियंत्याने शोधून काढला. त्याला १९५० साली त्याचे पेटंट मिळाले आणि १९५८ मध्ये क्रायस्लर कंपनीच्या मोटारींत ते आले. हा टीटर लहानपणीच दृष्टी गमावलेला होता. आंधळ्याने शोधलेले यंत्र आंधळे निघाले, असला हलका विनोद आम्ही करणार नाही. कारण आपल्याला दिसत नाही हे टीटरला पक्के ठाऊक होते आणि त्यानुसार तो आयुष्यभर वागला. यंत्राला ते ठाऊक नसते. १९९० च्या दशकात जपानी व जर्मन कंपन्यांनी त्याला पुढचे अंतर मोजणारा डोळा बसवला, आणि २०२० नंतर आपल्याकडील मध्यमवर्गाच्या आवाक्यातल्या मोटारींतही तो दिसू लागला.

पारोळ्याच्या अलीकडे जे घडले त्यामुळे हा लेख लिहावासा वाटला.

आमच्यापुढे एक बंद पेटीचा मोठा कंटेनर चालला होता व आमची गाडी आज्ञाधारकपणे त्याच्यामागे होती. एकाएकी तो कंटेनर उजवीकडे वळला. तो का वळला हे आम्हांला दिसण्यापूर्वी गाडीला एवढेच कळले की वाट मोकळी झाली. आणि तिने वेग घेतला. पुढे, त्याच पट्ट्यात, कापसाने शिगोशीग भरलेली ट्रॅक्टरची ट्रॉली चाक फुटून उभी होती. मागे कोणी तरी चार दगड मांडले होते आणि बाभळीची एक फांदी टाकली होती. भाच्याने पाय आपटला, गाडी किंचाळली आणि ट्रॉलीपासून दोन हातांवर थांबली. त्याच क्षणी काट्यांच्या फलकावर तांबडे चित्र उमटले आणि घंटी वाजली. म्हणजे यंत्राला अखेरीस कळले होते. पण माणसाच्या पायानंतर. आम्ही खाली उतरलो. ट्रॉलीखाली जॅक लावीत बसलेल्या शेतकऱ्याला भाचा घाबऱ्या घाबऱ्या सांगू लागला की गाडी आपली आपण चालत होती. त्या गृहस्थाने तिच्याकडे एकदा नीट पाहिले आणि अहिराणीत विचारले, "तिले आमी दिखतस का?"

या प्रश्नाचे प्रामाणिक उत्तर गाडीसोबत मिळणाऱ्या पुस्तिकेत छापलेले असते. भाच्याने ती पुस्तिका अर्थातच उघडलेली नव्हती. आम्ही जळगावी मुक्कामात ती वाचून काढली. उभ्या असलेल्या वाहनांना यंत्र ओळखीलच असे नाही. मोटारसायकल, सायकल यांसारख्या अरुंद वाहनांना ओळखीलच असे नाही. पादचारी, जनावरे, आडवे जाणारे व समोरून येणारे वाहन यांसाठी ही सोय नाही. तीव्र वळणावर पुढचे वाहन नजरेतून निसटू शकते. पावसात, धुक्यात, रडारवर चिखल बसल्यास भरवसा नाही. आणि सर्व प्रसंगी जबाबदारी चालकाची. जवळपास सर्वच कंपन्यांच्या पुस्तिकांत थोड्याफार फरकाने हेच असते. भाच्याला गाडी देताना विक्रेत्याने एक गुळगुळीत चित्रपट दाखवला होता. त्यातला रस्ता रिकामा होता.

उभी वस्तू यंत्राला का दिसत नाही, हे समजून घेण्याजोगे आहे. रडारला ती दिसते. पण यंत्र तिच्याकडे दुर्लक्ष करते. धावत्या मोटारीच्या दृष्टीने रस्त्याकडेचा फलक, पुलाचा कठडा, दुभाजकाचा लोखंडी पट्टा, मैलाचा दगड हे सारे एकाच वेगाने अंगावर येत असतात. त्या प्रत्येकाला अडथळा मानून गाडी थांबू लागली तर ती मैलभरही जाणार नाही. म्हणून आकडेमोड करणाऱ्यांनी सोपी वाट काढली : जमिनीच्या हिशेबाने ज्याचा वेग शून्य, ते देखाव्यात जमा. विशेषतः जे वाहन यंत्राने आधी चालताना पाहिलेले नाही ते एकाएकी उभे सामोरे आले, तर मोठ्या वेगात त्याला वाहन म्हणून मान्यता मिळायला उशीर होतो, किंवा मिळतच नाही. शिवाय अनुसारी वेगयंत्राला ब्रेक लावण्याची मुभाही मर्यादित असते. मोठ्या वेगात ते साधारणपणे पूर्ण ब्रेकच्या निम्म्याहून कमी जोर वापरते, कारण आतल्या उतारूला हिसका बसू नये. आपत्कालीन स्वयंचलित ब्रेक ही वेगळी सोय आहे, ती जोरात ब्रेक लावते; आणि कॅमेऱ्याची जोड मिळाल्यापासून या साऱ्यात सुधारणा झाली आहे हेही खरे. परंतु चार दगड आणि एक फांदी यांचा अर्थ खानदेशातल्या शाळकरी पोरालाही कळतो, तो अजून कोणत्याही मोटारीला शिकविलेला नाही.

आता हा रस्ता कोणाचा आहे ते पाहा. धुळे-जळगाव हा हजिऱ्याहून कोलकात्याकडे जाणाऱ्या जुन्या ६ क्रमांकाच्या राष्ट्रीय महामार्गाचा भाग. त्याला आता ५३ म्हणतात. धुळ्यातच त्याला मुंबई-आग्रा रस्ता छेदतो. चौपदरीकरणाचे काम फागण्यापासून तरसोदपर्यंत वर्षानुवर्षे रखडले. या रस्त्यांवर रावेर-यावलची केळी उत्तरेकडे जातात, कापूस जिनिंगला जातो, मोटारसायकलवर नवरा-बायको आणि दोन मुले बाजाराला जातात. चैत्रात सप्तशृंगीच्या यात्रेला खानदेशातून हजारो माणसे धुळे-मालेगावच्या रस्त्याने पायी निघतात, रात्रीही चालतात. दुभाजकातली फट दोन-तीन किलोमीटरवर असल्यामुळे शेतकरी उलट्या दिशेने कडेकडेने येतो; आणि मोटारीत बसलेली मंडळी त्याला बेशिस्त म्हणतात. सेवारस्ता न बांधणाऱ्याला बेशिस्त म्हटल्याचे आम्ही अद्याप ऐकलेले नाही. जळगाव शहरातून जाणाऱ्या महामार्गालगत समांतर रस्ते हवेत म्हणून तिथल्या नागरिकांनी किती वर्षे आंदोलने केली, हे त्या भागातील कार्यकर्त्यांना सांगायला नको.

पुस्तिकेतली यादी आणि ही यादी शेजारी शेजारी ठेवून वाचावी. यंत्र ज्यांची हमी घेत नाही ते सारे आमच्या रस्त्यावर आहेत. ज्याची हमी घेते ते, म्हणजे एका दिशेने, एका पट्ट्यात, समान वेगाने चाललेले धातूचे मोठे वाहन, आमच्या रस्त्यावरचा अल्पसंख्य घटक आहे. केंद्र सरकारच्याच आकडेवारीनुसार २०२२ साली देशात १,६८,४९१ माणसे रस्त्यांवर मेली. त्यांतले शंभरांतले ४४ हून अधिक दुचाकीवरचे होते आणि १९ हून अधिक पायी चालणारे. अनुसारी वेगयंत्र मुख्यतः आतल्या माणसाचे श्रम वाचवते. बाहेरच्या माणसाचा त्यात विचार असलाच तर तो पुढच्या वाहनाचा चालक म्हणून आहे.

यावर कोणी म्हणेल, चालक जागा आहे ना? कायद्यानेही तोच जबाबदार आहे. पण मनुष्यस्वभावाची गंमत अशी की ज्याच्या हातून काम काढून घेतले त्याच्याकडे पहारा सोपवला, तर पहारेकरी पेंगतो. गिरणीत यंत्रावर नजर ठेवण्याची पाळी केलेल्या कोणत्याही कामगाराला हे विचारावे. अमेरिकेतील विमा कंपन्यांच्या पैशावर चालणाऱ्या रस्ता-सुरक्षा संस्थेने २०२१ मध्ये केलेल्या पाहणीत असे आढळले की हे यंत्र किंवा त्याच्या जोडीची पट्टा राखणारी सोय चालू असताना चालक वेगमर्यादा ओलांडण्याचे प्रमाण २४ टक्क्यांनी वाढते. पाय मोकळा झाला की आकडा वर चढतो. भाच्यानेही एरंडोलच्या पुढे तो ९० केला होता; ट्रॉलीचा धसका पारोळ्यापासून एरंडोलपर्यंत टिकला.

अंतराचीही एक कथा आहे. यंत्र ४४ मीटर रस्ता मोकळा ठेवते. परंतु आपल्याकडे मोकळा रस्ता म्हणजे बोलावणे. त्या जागेत आधी एक रिक्षा शिरली, मग एक पिकअप, मग दूधवाला. प्रत्येक वेळी आमची गाडी गमावलेले अंतर परत मिळविण्यासाठी मागे हटली, आणि मागून येणाऱ्या ट्रकने प्रत्येक वेळी कर्णा वाजवून आमच्या सात पिढ्यांचा उद्धार केला. त्याचे चुकले असे म्हणवत नाही. पुढे काही नसताना ही मोटार का थांबते, हे त्याला कसे कळावे? लादलेला ट्रक थांबवायला मोटारीपेक्षा फार जास्त रस्ता लागतो. अशी यंत्रे लावलेल्या मोटारींची रांग धावू लागली तर पहिल्याने किंचित ब्रेक लावताच दुसरी थोडा अधिक, तिसरी त्याहून अधिक लावते आणि शेवटची जवळजवळ थांबते, असे अमेरिकेतील संशोधकांनी बाजारातल्या मोटारी प्रत्यक्ष चालवून दाखवले आहे. माणसांच्या रांगेतही हे होते. जपानमध्ये २००८ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात वर्तुळावर २२ मोटारी एकसारख्या वेगाने सोडल्या, आणि कोणाचाही अपराध नसताना थोड्याच वेळात तेथे कोंडी उभी राहिली. तात्पर्य, यंत्र आले म्हणून ही खोड गेलेली नाही.

येथे आपल्यातील दोन प्रकारच्या मंडळींशी थोडे बोलणे भाग आहे. पहिल्यांना वाटते, हे श्रीमंतांचे खेळणे. त्याच्याशी आपला काय संबंध? संबंध असा की खेळणे त्यांचे असले तरी रस्ता सगळ्यांचा आहे आणि खेळण्याच्या डोळ्याला न दिसणारा माणूस आपला आहे. दुसऱ्यांना वाटते, विज्ञान आपोआप सर्वांचे भले करील. आज मोटारीत आहे ते उद्या ट्रकमध्ये येईल. येईलही. पण कोणत्या क्रमाने? ज्या वाहनाच्या धडकेने सर्वांत अधिक माणसे मरतात आणि ज्याचा चालक सर्वांत अधिक थकलेला असतो, त्याला सर्वांत शेवटी. आणि ज्याला दुपारी जेवून आरामात निघायचे आहे, त्याला सर्वांत आधी. ट्रकचालकाच्या केबिनमध्ये थंड हवेची सोय असावी असा नियम आपल्याकडे लागू झाला तोच मुळी २०२५ मध्ये, नव्याने तयार होणाऱ्या ट्रकांना. मार्च २०२५ मध्ये केंद्राने एक मसुदा काढून बसगाड्या व साडेतीन टनांवरील मालमोटारींना आपत्कालीन स्वयंचलित ब्रेक आणि चालकाला डुलकी लागल्याचा इशारा देणारे यंत्र टप्प्याटप्प्याने सक्तीचे करण्याचे सुचविले. ही दिशा योग्य आहे आणि तिचे स्वागत केले पाहिजे. मात्र डुलकी ओळखणारे यंत्र बसवताना डुलकी का लागते हे विचारायचे नाही, असा जर करार असेल तर तो आपल्याला मान्य नाही. १९६१ च्या मोटार परिवहन कामगार कायद्याने चालकाला दिवसाचे आठ तास आणि सलग पाच तासांनंतर किमान अर्ध्या तासाची विश्रांती ठरवून दिली होती. हा कायदा पुढे २०२० च्या श्रमसंहितेत सामावला गेला. रावेरहून दिल्लीला केळी नेणाऱ्या एखाद्या चालकाला विचारून पाहा, आठव्या तासाला तो कोठे असतो. केळी पिकते, ती त्याच्या झोपेसाठी थांबत नाही, आणि उशीर झाला तर कापले जाते त्याचे भाडे.

आणि यंत्राची मर्यादा सांगताना प्रामाणिकपणे हेही सांगायला हवे की आपल्या भागातल्या अलीकडच्या दोन मोठ्या आपत्तींत रडारचा काही उपयोग झाला नसता. १५ फेब्रुवारी २०२१ च्या रात्री यावल तालुक्यात किनगावजवळ पपयांनी भरलेला ट्रक उलटला. त्यात किमान पंधरा मजूर गेले. धुळे जिल्ह्यातून रावेरकडे निघालेली ती माणसे मालावर बसून घरी परतत होती, कारण त्यांना घरी नेणारे दुसरे वाहनच नव्हते. ४ जुलै २०२३ रोजी शिरपूर तालुक्यात पळासनेरला, सातपुड्याचा उतार उतरून आलेल्या कंटेनरचे ब्रेक निकामी झाले. वाहनांना ठोकरीत तो रस्त्याकाठच्या हॉटेलात घुसला व किमान दहा माणसे मेली. यंत्राचा डोळा कितीही तीक्ष्ण असो, त्याचा पाय शेवटी त्याच ब्रेकवर पडतो. ब्रेक नसेल तर त्याने पाहून काय करायचे? उताराच्या तोंडाशी ब्रेक तपासण्याचा नाका आणि पायथ्याशी सुटलेली गाडी रोखणारा वाळूचा चढ, या गोष्टी रडारपेक्षा जुन्या आहेत आणि स्वस्तही.

तेव्हा कार्यकर्त्यांनी या प्रश्नात हात घालावा असे आम्हांस वाटते, आणि तो जिल्हा पातळीवरच घालता येईल. दोन्ही जिल्ह्यांत रस्ता सुरक्षा समित्या आहेत. तेथे मोटारीतली सोय हा विषय कोणी काढत नाही, कारण तो खाजगी समजला जातो. तो काढावा. अशी गाडी विकणाऱ्याने, ती कोणाला ओळखत नाही हे मराठीत, तोंडी आणि रस्त्यावर नेऊन ग्राहकाला दाखवल्याशिवाय किल्ली देऊ नये, अशी मागणी करण्यात अवघड काय आहे? कंपन्यांनी परीक्षा घेताना उभी ट्रॉली, अंधारातली बैलगाडी, उलट येणारी मोटारसायकल आणि पायी दिंडी यांपुढे गाडी कशी वागते ते तपासून निकाल जाहीर करावा. ट्रॉलीला मागे चमकणारी पट्टी लावणे हे साखर कारखान्यांना आणि जिनिंगवाल्यांना सहज शक्य आहे. शेतकऱ्यावर दंड बसविण्यापूर्वी पट्टी त्यांनी पुरवावी. बंद पडलेल्या व विसाव्याला थांबलेल्या ट्रकसाठी रस्त्याबाहेर जागा हवी; मग पट्ट्यात उभे राहण्याची वेळच येणार नाही. आणि आपत्कालीन ब्रेक पहिल्यांदा एस.टी.ला. आमदार-खासदारांच्या मोटारी चार वर्षे थांबू शकतात.

एका गोष्टीबद्दल मात्र आतापासूनच सावध राहिले पाहिजे. यंत्र सुधारणे कठीण आणि रस्ता 'स्वच्छ' करणे सोपे, असे ज्या दिवशी कंपन्यांच्या ध्यानात येईल त्या दिवशी सुरक्षिततेच्या नावाखाली बैलगाडी, ट्रॉली आणि सायकल यांना महामार्गावरून हाकलण्याची मागणी होईल. द्रुतगती मार्गांवर ते झालेच आहे. तेथे ते एक वेळ समजू शकते, कारण तो रस्ता नव्याने, वेगळा बांधला. परंतु फागणे-पारोळा हा रस्ता महामार्ग होण्यापूर्वी त्या गावांचा शेतरस्ता होता, आणि पर्यायी सेवारस्ता दिल्यावाचून तो त्यांच्याकडून काढून घेण्याचा अधिकार कोणाला नाही.

त्या दिवशी ट्रॉलीचे चाक बदलायला आम्ही दोघांनीही हात लावला. बैठकीला पाऊण तास उशीर झाला. परतताना भाच्याने पाळधीपर्यंत वेगयंत्र चालूच केले नाही. पुढे रस्ता मोकळा लागला तसे त्याने ते लावले, आकडा ६० ठेवला आणि पाय ब्रेकजवळ. आम्ही काही बोललो नाही. मुकटीच्या पुढे अंधारात एक मोटारसायकल मागचा दिवा नसलेली चालली होती. ती त्याला आधी दिसली की गाडीला, हे आम्हांला नक्की सांगता येणार नाही. दोघांनीही वेग कमी केला होता.